सुमेरी कायदे आणि राजलेख वाचताना या चुका टाळा

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याच्या संहितेला ‘सुमेरी कायदा’ (सुमेर म्हणजे प्राचीन दक्षिण इराक) म्हणणारे लेख पैशाला पासरी सापडतात. लूव्हर संग्रहालयातला तो सव्वादोन मीटर उंच काळा दगड अक्कादी भाषेत कोरलेला आहे. अक्कादी सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या घराण्यातली. सुमेरीचं मात्र कुठल्याच भाषेशी नातं आजवर सिद्ध झालेलं नाही (तमिळशी जोडणारे दावे फिरत असतात, ते सोडून द्या). लिपी दोन्हींची एकच, कीलाकार (पाचरीसारख्या खुणांची). घोळ तिथेच होतो.

राजाच्या नावावरूनही भाषा ठरवू नका. लिपित-इश्तार हे नाव अक्कादी, पण इसिन या सुमेरी शहराच्या या राजाची संहिता सुमेरीत आहे. ‘लुगल’ (राजा) हे चिन्हसुद्धा पुरावा नव्हे, कारण अक्कादी लेखनिक तेच चिन्ह काढून ‘शर्रुम’ वाचत.

मग बघायचं काय? प्रत्यय. ऊर या सुमेरी शहरातल्या विटांवर तिथला राजा ऊर-नम्मू याचा ठरलेला मजकूर आहे: आपला स्वामी नन्ना (चंद्रदेव) याच्यासाठी ऊरचा राजा ऊर-नम्मू याने मंदिर बांधले. मुळात राजाच्या बिरुदाच्या शेवटी ‘के’ हे चिन्ह येतं. त्यात षष्ठीचा ‘अक’ आणि कर्त्याचा ‘ए’ दोन्ही दडलेले आहेत. ‘राजाने बांधले’मधल्या ‘ने’ची सवय असलेल्या मराठी माणसाला हे चटकन उमगतं. म्हणून लगेच मराठीचं मूळ सुमेरमध्ये शोधायला निघू नका. असा कर्त्याचा प्रत्यय बास्क भाषेतही आहे.

रोमन लिप्यंतरात अक्षराखाली येणारे अंक गाळणं ही नेहमीची चूक. नुसता ‘दु’ म्हणजे जाणे, तर 3 अंकाचा ‘दु’ म्हणजे बांधणे. उच्चार तोच, चिन्ह वेगळं. सीडीएलआय या कीलाकार लेखांच्या ऑनलाइन संग्रहात शब्द सापडत नसेल, तर ‘श’साठी एस-झेड टंकून बघा.

लगाशचा राजा उरुकगिना याच्या, लेख कोरलेल्या मातीच्या शंकूंना ‘जगातला पहिला कायदा’ म्हणू नका. ती सुधारणांची राजघोषणा आहे, संहिता नव्हे. हाती आलेली सर्वांत जुनी संहिता इ.स.पू. 2100च्या सुमाराची, ऊर-नम्मूची. काही अभ्यासक ती त्याचा मुलगा शुल्गी याची मानतात.

जितका जुना कायदा तितका क्रूर, हाही गैरसमजच. ऊर-नम्मूच्या संहितेत सोट्याने हाड मोडलं तर दंड एक मिना (सुमारे अर्धा किलो) चांदी. तीनेकशे वर्षांनंतरच्या हम्मुराबीकडे प्रतिष्ठिताच्या हाडाला हाडच. सामान्याचं मोडलं तर मात्र तीच एक मिना.

आणि संहिता म्हणजे कोर्टातला व्यवहार असं धरून चालू नका. खरे खटले बघायचे तर गिर्सू या सुमेरी शहरातल्या ‘दितिल्ला’ (निकाली खटल्यांच्या) मातीच्या पाट्या काढा: पक्षकार, साक्षी, शपथ, निकाल, सगळं सुमेरीत.