विदर्भातल्या गावशिवाराचा अभ्यास करताय? या चुका टाळा

निमित्त कॉलेजच्या प्रकल्पाचं असो की ग्रामपंचायतीच्या आराखड्याचं, आपल्याकडे शेतीचा अभ्यास बहुधा माती, पाऊस आणि पीक एवढ्यावर उरकला जातो. ही जमीन कोणाच्या अमलाखाली होती आणि आज कोणत्या हद्दीत येते, हे कोणी विचारत नाही. मग आकडे जुळत नाहीत आणि गावकरी काय सांगतात तेही नीट उमगत नाही.

अख्खा विदर्भ कापसाचा समजणं

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. पश्चिमेकडे काळी जमीन, त्यात कापूस, तूर, सोयाबीन. पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात, झाडीपट्टीत गेलात की धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, आणि तलाव. पण फरक फक्त मातीचा नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि पुढे तिथे रयतवारी लागू झाली. शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा. भोसल्यांचं नागपूर राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि तिथे मालगुजारी आली. म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. पुलगावजवळ वर्धा नदीच्या दोन्ही काठांना कापूसच दिसतो, पण पुलगावच्या बाजूचं गाव मालगुजारीतलं आणि पलीकडचं, वऱ्हाडातलं, रयतवारीतलं. पीक सारखं दिसलं म्हणून जमिनीची कुळकथा सारखी धरू नका.

याचा सगळ्यात मोठा परिणाम तलावांवर दिसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, हजारोंनी आहेत. पाळ कोणी राखायची, तुडूम (पाणी सोडायचं दार) कधी उघडायचं, पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचं, याचे गावागावांत रिवाज होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ती घडी विस्कटली. आज तलाव गाळानं भरलेला दिसला की 'लोक उदासीन आहेत' असं लिहून मोकळे होतात. हा गावावर अन्याय आहे. आधी निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रिवाजांची नोंद) मागा, पाण्यावर गावाचा काय हक्क नोंदलाय ते वाचा. मग गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर तलावाच्या गाळात पेरणी, कोण करतं आणि मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, ते विचारा. तलावाचं दुखणं बहुतेक इथेच सापडतं.

जुने-नवे आकडे तसेच शेजारी ठेवणं

१९८१ आणि १९९१ चे चंद्रपूरचे आकडे शेजारी मांडले, तर धानाचं क्षेत्र एकदम कोसळल्यासारखं दिसेल. धान कुठे गेला नाही, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. अकोल्यातून वाशीम (१९९८) आणि भंडाऱ्यातून गोंदिया (१९९९) निघाल्यावरही तेच. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करूनच तुलना करा.

ग्रामपंचायत आणि महसुली गाव एकच मानणं

विदर्भात रिठी गावं, म्हणजे महसुली नोंदीत असलेली पण ओसाड गावं, बरीच आहेत. वस्ती कधीच उठून गेली, जनगणनेत लोकसंख्या शून्य, पण शिवार पूर्ण पेरलेलं. शेतकरी राहतो एका गावात, वावर दुसऱ्याच गावाच्या नावावर. घरोघरी फिरून केलेली यादी आणि पटवाऱ्याकडची यादी जुळत नसेल, तर सातबाऱ्यावरचं गावाचं नाव बघा. घोळ तिथेच निघतो. महसूल मंडळही (काही गावांचा महसुली गट) लिहून घ्या. पीक विम्यासाठी सरासरी उत्पन्न मंडळाचं धरतात, त्यामुळे एका धुऱ्याच्या (बांधाच्या) अल्याड-पल्याड भरपाई वेगळी निघू शकते.

खारपाणपट्ट्यात विहिरी मोजत बसणं

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. जमिनीखालचं पाणी खारं, ते दिलं की काळी माती आणखी बिघडते. इथला शेतकरी पावसावर का थांबतो, हे विहिरींच्या संख्येवरून कळणार नाही. पाण्याची तपासणी बघा.

झुडपी जंगलाला पडीक जागा म्हणणं

नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत ८६ हजार हेक्टरांवर झुडपी जंगल आहे. बघायला खुरटी झुडपं, पण गावाची गुरं तिथेच चरतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीनच मानावी असं स्पष्ट केलं. म्हणून आराखड्यात तिथे सभागृह किंवा गोदाम दाखवण्याआधी सातबारा काढा, वन विभागाकडे चौकशी करा आणि गुरं चारणाऱ्यांना ग्रामसभेत बोलतं करा.