आधी पहाटे तीनचा आकडा मांडा

एकतीस वर्षं मी नाशिकजवळच्या विजेच्या एका उपकेंद्रात शिफ्ट केली. दर तासाला लॉगशीटवर लोड, म्हणजे विजेची मागणी, लिहायचा. त्यामुळे पवनचक्की आणि अणुभट्टी मिळून चोवीस तास वीज कशी देतील, असं कुणी विचारलं की मी आधी आलेखाचा कागद मागतो.

संध्याकाळी सातचा लोड सगळेच बघतात. तुम्ही पहाटे तीनपासून सुरुवात करा. समजा, आपल्या भागाची गरज पहाटे ६०० मेगावॅट, संध्याकाळी १०००. अणुविजेची रेघ या ६०० च्या खाली, सरळ आडवी ओढा. २२० च्या दोन भट्ट्या, म्हणजे ४४०. एकच मोठी घेतली आणि ती ट्रिप झाली तर सगळंच बसतं.

आता वारा. माझा भाचा नेमका इथेच चुकला. पवनचक्क्या ४०० मेगावॅटच्या, वर्षाची सरासरी पाव, म्हणून त्याने बाराही महिने १०० ची रेघ ओढली! अरे बाबा, वारा सरासरीने वाहतो का? साक्रीच्या पठारावर तो जून ते सप्टेंबर झोडपतो आणि ऑक्टोबरात पडतो. शिवाय वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून कागद दोन घ्या.

जुलैची रात्र: वारा ३००, भट्ट्या ४४०, गरज ६००. १४० जास्त झाले. इथे घाटघरसारखा प्रकल्प लागतो. तिथले १२५ चे दोन संच जास्तीच्या विजेवर खालचं पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज देतात. तरीही वीज उरली तर पात्यांचा कोन फिरवून वारा सोडून द्या, पण भट्टीला हात लावू नका. तिची वीज फार कमी केली की आत झेनॉन वायू साचतो, भट्टी चालवणारे न्यूट्रॉन गिळत बसतो आणि भट्टी तासन्‌तास वर येत नाही.

ऑक्टोबरची संध्याकाळ: उकाडा, द्राक्षबागांचे पंप चालू, वारा जेमतेम २०. म्हणजे ५४० कमी. पाण्यातून २५० आले, तरी २९० उरतातच. दोघांच्या जोरावर सगळं भागतं, असं मी तरी म्हणणार नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाचे २१० चे संच आहेत, तसले दोन हाताशी हवेत, आणि थंड संच तापायला वेळ लागतो म्हणून निरोप आदल्या दिवशीच गेला पाहिजे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून वाऱ्याचा अंदाज मांडतात, तो यासाठीच.

भट्टीचा देखभालीचा शटडाउन पावसाळ्यात, वारा असताना घ्या. रात्रीची जास्तीची वीजही आपोआप आवरते. भाचा म्हणाला, "मामा, मग दोन्ही भट्ट्या एकदमच उरकू की!" त्याला जुलैचाच कागद परत दिला. ४४० खोडून शून्य लिहिलं त्याने, वाऱ्याच्या ३०० कडे बघितलं आणि दुसरी भट्टी ऑगस्टात ढकलली.