मारबतीला दोन कॅमेरे घेऊन निघण्याआधी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महालात मारबत आणि बडग्या या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. शेवटी ते पुतळे जाळतात, म्हणजे हुकलेला फोटो परत काढायला पुढचा पोळाच उजाडावा लागतो. म्हणून त्रिमितीत टिपायची असेल तर डाव्या-उजव्या डोळ्यासाठी एकेक अशी कॅमेऱ्यांची जोडी आदल्या दिवशीच घरी जुळवून ठेवा.

कॅमेरे एकाच मॉडेलचे हवेत. ते पट्टीवर शेजारी शेजारी घट्ट बसवा, लेन्स समांतर ठेवा, झूम पार मागे घ्या. दूरच्या मेट्रोच्या पुलाची कड दोन्ही पडद्यांवर एकाच उंचीवर दिसते का ते पाहा. डाव्या कॅमेऱ्याला आणि त्याच्या कार्डाला लाल टेप लावा, कारण असे फोटो पाहायच्या लाल-निळ्या चष्म्याची लाल काचही डाव्या डोळ्यावरच असते. फोकस, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने आणि दोन्हीकडे सारखं ठेवा. फ्लॅश बंद. स्टॅबिलायझेशनही बंद, कारण ते प्रत्येक कॅमेऱ्यात आपापल्या परीने चित्र हलवतं.

आता खरी परीक्षा. थोडा तिरकेपणा नंतर स्टिरिओफोटो मेकरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निघतो, पण दोन शटर मागेपुढे उघडली तर इलाज नाही. समजा लेन्समध्ये १० सेंटीमीटर अंतर आहे आणि ५ मीटरवरून मारबत सेकंदाला १ मीटर वेगाने आडवी चालली आहे. शटरमध्ये १/५० सेकंदाचा फरक पडला की ती २ सेंटीमीटर सरकते. मग ती जवळजवळ सव्वाचार मीटरवर आल्यासारखी दिसते, किंवा उलट सव्वासहा मीटरवर गेल्यासारखी, आणि शेजारी स्थिर उभी माणसं मात्र जागच्या जागी. हे घरीच तपासता येतं. छताच्या पंख्याच्या एका पात्याला पांढरी टेप चिकटवा, पंखा सुरू करा, खाली उभं राहून १/५०० शटरने जोडफोटो काढा. मिनिटाला ३०० फेऱ्यांचा पंखा शतांश सेकंदात १८ अंश फिरतो, त्यामुळे दोन फोटोंतली टेप पाहिली की फरक लगेच कळतो. तो प्रत्येक वेळी बदलत असेल तर वायरच्या एकाच बटणावर दोन्ही कॅमेरे चालवायची सोय करा. बोटांवर भरवसा ठेवू नका.

बॅटऱ्या दोन्ही पूर्ण चार्ज असू द्या, एक संपली की दुसरी असून उपयोग नाही. कार्डं फॉरमॅट करा, घड्याळं जुळवा. पावसाचे दिवस आहेत, तेव्हा प्लास्टिकची पिशवी आणि सुती फडकं सोबत घ्या.

जागाही आधीच ठरवा. सर्वांत जवळची वस्तू लेन्समधल्या अंतराच्या साधारण तीसपट तरी लांब असावी, म्हणजे इथे ३ मीटर. "घेऊन जा गे मारबत!" ओरडणाऱ्या गर्दीत समोरचं डोकं हातभरावर येतं, म्हणून पहिल्या मजल्याची गॅलरी उत्तम. त्या घरातल्या लोकांना आधी विचारून ठेवा आणि सकाळी रस्ते भरायच्या आत पोहोचा.