गट-उपचारात सहभागी होण्यापूर्वी

गट-उपचारात साधारणपणे पाच ते दहा जण आठवड्यातून एकदा, सुमारे दीड तास, एक किंवा दोन प्रशिक्षित मानसोपचार तज्ज्ञांसोबत बसून आपल्या मानसिक अडचणींवर बोलतात. बॉस्टनमधील डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये क्षयरुग्णांचे वर्ग सुरू केले ते आरोग्यशिक्षणासाठी. पण रुग्णांना एकमेकांच्या सोबतीने धीर येतो, हे तेथे दिसून आले आणि या पद्धतीची सुरुवात सहसा तिथूनच मानली जाते.

प्रवेशापूर्वी तज्ज्ञ स्वतंत्र भेट घेतात. त्या भेटीत गट ठरावीक मुदतीचा आहे की मध्येच नवे सदस्य येऊ शकतात, त्यात विशिष्ट कौशल्ये शिकवली जातात की सदस्यांच्या परस्परसंबंधांवर भर असतो, हे निःसंकोच विचारावे. गोपनीयतेचा नियमही नीट समजून घ्यावा. तज्ज्ञ व्यावसायिक नियमांनी बांधलेले असतात, इतर सदस्यांना मात्र मुख्यतः त्यांनी दिलेला शब्दच बांधून ठेवतो.

उपचाराचा गाभा सदस्यांमधील देवाणघेवाणीत असतो. समजा, आपल्या बोलण्याचा लोकांना कंटाळा येतो अशी खात्री असलेली व्यक्ती प्रत्येक वाक्याआधी माफी मागते. समोरचा सदस्य म्हणतो, ‘‘तुमची हकिकत मला ऐकायची होती, पण तुम्ही सारखी माफी मागत राहिलात आणि माझंच लक्ष उडालं.’’ हेच वाक्य तज्ज्ञाने उच्चारले तर ते सल्ल्यासारखे वाटते. बरोबरीच्या माणसाकडून आले की मनाला भिडते. शिवाय, ती व्यक्ती पुढच्याच क्षणी, त्याच खोलीत, माफी न मागता बोलून पाहू शकते. एकास-एक समुपदेशनात अशी संधी क्वचितच मिळते, आणि माझ्या मते गटाचे खरे बळ इथेच आहे.

नैराश्य, लोकांमध्ये वावरण्याची भीती, व्यसन, शोक, दीर्घकालीन आजार किंवा नातेसंबंधांत वारंवार येणाऱ्या त्याच त्या अडचणी असलेल्यांना गटाचा उपयोग होऊ शकतो. मात्र आत्महत्येचे विचार तीव्र असताना किंवा वास्तवाचे भान सुटलेले असताना आधी तातडीचे वैयक्तिक उपचार आवश्यक असतात.

पहिल्या काही बैठकांत नुसते ऐकले तरी चालते. अवघडलेपण जाणवतेच (न जाणवले तरच नवल!), म्हणून लगेच गट सोडू नये, ‘‘मला इथे बोलायची भीती वाटते,’’ एवढे सांगणे हीसुद्धा चांगली सुरुवात ठरते. कोणावर राग आला तर तो बैठकीबाहेर कुजबुजण्याऐवजी बैठकीतच मांडावा, कारण बाहेर झालेल्या बोलण्यावर गटाला काम करता येत नाही. उपचार थांबवायचे ठरल्यास एकाएकी येणे बंद न करता काही आठवडे आधी तसे सांगावे, म्हणजे निरोपाच्या वेळी जे मनात येईल त्यावरही गटात बोलता येते.