अरण्यलेखनाला स्वर देताना

रानावरच्या गद्याचं वाचन संगीतासह रेकॉर्ड करायचं असेल, तर सुरुवात उताऱ्यापासून करा, चालीपासून नको. रानावरच्या जुन्या गद्यात वाक्यं लांबलचक असतात, आणि डोळ्यांना भावणारं प्रत्येक पान कानाला झेपतंच असं नाही. ज्यात काही घडतं, ऐकू येतं, असा तुकडा शोधा. अमेरिकन निसर्गलेखक जॉन म्यूर डिसेंबर १८७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वादळात एका उंच झाडाच्या शेंड्यावर चढून बसला आणि प्रत्येक झाडात वारा कसा निराळा वाजतो ते ऐकत राहिला. ते वर्णन या कामाला फार चांगलं. अमेरिकन लेखक थोरोच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकातलं (१८५४) आवाजांवरचं प्रकरणही तसंच: आगगाडीची शिट्टी, दूरच्या घंटा, घुबडं, बेडूक. चिंतनाची वाक्यं मात्र मोजकीच ठेवा. मागे वाद्यं लागली की त्यांचं लगेच प्रवचन होतं.

कॉपीराइट हक्कांचं आधीच बघा. थोरो १८६२ मध्ये वारला, म्यूर १९१४ मध्ये; त्यांचं मूळ लेखन आता मोकळं आहे. अमेरिकन निसर्गलेखक ऑल्डो लिओपोल्डचं १९४९ चं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ अमेरिकेत अजून हक्काखाली आहे. मूळ मोकळं असलं तरी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असू शकतो. शक्य तर अनुवाद स्वतःच करा.

आता नुसतं वाचून फोनवर रेकॉर्ड करा. मिनिटाला शंभरेक शब्द, त्याहून घाई नको. श्वास कुठे तुटतो तिथे खूण करा.

संगीत या वाचनावर रचायचं, आणि खरी मेहनत इथेच आहे. बोलतानाही आपला आवाज वाक्याच्या शेवटी बहुधा एकाच सुराच्या आसपास उतरतो. तो सूर पेटीवर शोधा आणि त्यालाच षड्ज (सा) किंवा पंचम (प) धरा; वाचन आणि वाद्य एका घरचं वाटू लागतं. शब्द चालू असताना खाली फक्त खर्जातला लांब स्वर पुरे, धून विरामात येऊ द्या. मजकुरात घुबड आहे म्हणून घुबडाचा आवाज घालायचा मोह आवरा: लेखकानं ते शब्दांत ऐकवलंच आहे, पुन्हा ऐकवलं की बालनाट्य होतं. संपूर्ण उतारा गाऊही नका. एखादंच वाक्य निवडा, ते दोनदा-तीनदा गा, बाकी बोला.

अंतिम रेकॉर्डिंग पडदे-गाद्या असलेल्या खोलीत करा. माइक वीतभर अंतरावर, तोंडाच्या किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. मिक्सिंगमध्ये, म्हणजे वाचन आणि वाद्यं एकत्र जुळवताना, वाद्यांचा २ ते ४ किलोहर्ट्झ वारंवारतेचा पट्टा दोन-तीन डेसिबलनं उतरवा. व्यंजनांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते. मग उतारा न वाचलेल्या माणसाला फोनच्या स्पीकरवर, हळू आवाजात ऐकवा. त्याचा एखादा शब्द निसटला, तर वाचणाऱ्याचा आवाज वाढवू नका, वाद्यं कमी करा.