फ्रेंच वाक्यात सर्वनाम कुठे बसवायचं? या चुका टाळा

फ्रेंच शिकताना ए-टू (प्राथमिक, पण दुसऱ्या) पातळीला ल, ला, ले, ल्वी, लर, ई, आँ ही सगळी सर्वनामं एकदम अंगावर येतात आणि तोवर सुरळीत चाललेली वाक्यं अडखळायला लागतात. बहुतेक चुका मात्र पाच-सहा ठरावीक जागीच होतात. (इथे फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत. स्वर गळून दोन शब्द जोडले गेले असतील तिथे ' हे चिन्ह आहे.)

मूळ नियम छोटा आहे. सर्वनाम ज्या क्रियापदाचं कर्म आहे, त्या क्रियापदाच्या लगेच आधी ते बसतं. 'मी तिला पाहतो' म्हणजे 'ज ला व्वा'. मराठीतही हाच क्रम असल्यामुळे आपल्याला हे सहज जमायला हवं. तरीही वहीत 'ज व्वा ला' दिसतं, कारण आपण मनात आधी इंग्रजी वाक्य रचतो आणि त्याचं फ्रेंच करतो. त्यात भर म्हणजे नाम असेल तर फ्रेंचमध्येही ते क्रियापदानंतरच येतं: 'ज व्वा मारी' (मी मारीला पाहतो). मारीच्या जागी सर्वनाम आलं की त्याने उडी मारून पुढे यायचं, एवढं पक्कं करा. हे करताना मधली इंग्रजी पायरी गाळून थेट मराठी वाक्यावरून गेलात तर जागा क्वचितच चुकते.

'-ला' प्रत्ययावर विसंबू नका

मराठी माणसाची खरी अडचण जागेपेक्षा निवडीत आहे. 'त्याला पाहिलं', 'त्याला मदत केली', 'त्याला फोन केला', 'त्याला उत्तर दिलं' या चारही ठिकाणी आपण 'त्याला' म्हणतो. फ्रेंचमध्ये पहिल्या दोन ठिकाणी 'ल' येतं आणि पुढच्या दोन ठिकाणी 'ल्वी'. अर्थावरून किंवा मराठी प्रत्ययावरून हे ओळखता येत नाही. बघायचं ते एवढंच, की त्या फ्रेंच क्रियापदानंतर माणसाच्या आधी 'आ' हे शब्दयोगी अव्यय लागतं का. लागत असेल तर एकासाठी ल्वी आणि अनेकांसाठी लर. लागत नसेल तर ल, ला, ले. वर्गात यांनाच अनुक्रमे सीओआय (अप्रत्यक्ष कर्म) आणि सीओडी (प्रत्यक्ष कर्म) म्हणतात.

'आ' न घेणारी, तरीही आपल्याला फसवणारी क्रियापदं ही: रगार्दे (बघणे), एकूते (ऐकणे), आताँद्र (वाट पाहणे), शेर्शे (शोधणे), एदे (मदत करणे), रमेर्सिए (आभार मानणे). म्हणून 'मी त्याची वाट पाहतोय' हे सरळ 'ज ल'आताँ' होतं. मध्ये 'साठी' या अर्थाचं 'पूर' घालू नका; तेही इंग्रजीतून आलेलं असतं.

'आ' घेणारी: तेलेफोने (फोन करणे), पार्ले (बोलणे), दमाँदे (विचारणे), रेपोंद्र (उत्तर देणे), ओबेईर (आज्ञा पाळणे), दीर (सांगणे), दॉने (देणे). मराठीत आपण 'तिच्याशी बोललो' म्हणतो, पण फ्रेंचमध्ये 'ज ल्वी ए पार्ले'. ल्वी पुरुषालाही चालतं आणि स्त्रीलाही, तिथे 'ला' शोधत बसू नका. नवीन क्रियापद वहीत लिहिताना ते कधीच एकटं लिहू नका. 'तेलेफोने आ केल्कँ' असं, माणसाच्या जागेसकट लिहा. ही सवय सुरुवातीलाच लागली तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

काही ठिकाणी मराठीच उत्तम वाट दाखवते. 'हे मला आवडतं' म्हणजे 'सा म प्ले', 'मला वेळ हवा' म्हणजे 'इल म फो द्यू ताँ'. मराठी 'मला'च्या जागी थेट 'म' बसतो. इंग्रजीतून गेलात तर हीच वाक्यं उलटीपालटी होतात.

'पाँसे आ' (विचार करणे) हा मात्र अपवाद लक्षात ठेवा. माणसाचा विचार असेल तर 'ज पाँस आ ल्वी', इथे सर्वनाम पुढे येत नाही. वस्तूचा किंवा गोष्टीचा विचार असेल तर 'ज'ई पाँस'; 'आ' आणि ती गोष्ट किंवा जागा, दोन्हींच्या बदल्यात 'ई' येतो.

कर्म गाळून टाकणं

'किल्ली आहे का?' 'हो, आहे.' मराठीत उत्तर पूर्ण झालं. फ्रेंचमध्ये 'उई, जे' म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. 'उई, ज ल'ए' असंच म्हणायला हवं. संख्या असेल तर 'आँ' ('त्यातले' या अर्थी) लागतं: भाऊ किती या प्रश्नाला 'ज'आँ-ने त्र्वा'. नुसतं 'जे त्र्वा' अपुरं आहे. 'बाजारात जातोयस का?' याला 'उई, ज'ई वे'. एक सवलत आहे: 'हो, माहितेय' या अर्थी 'उई, ज से' चालतं, तिथे 'ल' घालायची गरज नाही. आणि 'जाईन' म्हणताना ई गळतो. 'जिरे' एवढंच म्हणतात, कारण दोन ई एकापाठोपाठ कानाला खटकतात.

बोलण्याच्या परीक्षेत ही चूक सर्वांत जास्त दिसते, कारण घाईत आपली मराठी सवय वर येते. सरावाला हो-नाहीचे प्रश्न घ्या आणि प्रत्येक उत्तरात सर्वनाम आलंच पाहिजे अशी अट घाला.

दोन क्रियापदं आली की

'मी त्याला भेटणार आहे' याचं 'ज वे ल व्वार' होतं. 'त्याला' हे 'वे'चं कर्म नाही, 'व्वार'चं आहे, म्हणून ते इन्फिनितिफला, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटतं. चुकीचं रूप 'ज ल वे व्वार'. इच्छा, शक्यता, कर्तव्य, आत्ताच झालेली क्रिया, सगळीकडे हेच: 'ज विएँ द ल व्वार', म्हणजे आत्ताच त्याला पाहिलं. इथे आणखी एक खड्डा आहे. 'द' आणि 'ल' शेजारी आले की हात आपोआप 'द्यू' लिहितो. पण ही जोडणी फक्त 'ल' हे नामाआधीचं उपपद (आर्टिकल) असताना होते, सर्वनामाशी होत नाही. तसंच 'आ' आणि 'ले' मिळून 'ओ' होत नाही: 'जे कॉमाँसे आ ले लीर', मी ती वाचायला घेतली.

अपवाद 'फेर'चा (करणे, करवून घेणे). गाडी दुरुस्त करून घ्यायची असेल तर 'ज ला फे रेपारे'. फेर आणि पुढचं क्रियापद मिळून एकच क्रिया होते, म्हणून सर्वनाम दोघांच्याही आधी.

भूतकाळ आणि नकार

पासे कोंपोझेमध्ये, म्हणजे सहायक क्रियापद लावून होणाऱ्या भूतकाळात, सर्वनाम त्या सहायक क्रियापदाच्या आधी येतं: 'ज ल'ए व्यू' (मी त्याला पाहिलं). 'जे ल व्यू' चूक. नकारात 'न' सर्वनामाच्या आधी आणि 'पा' सहायक क्रियापदानंतर: 'ज न ल'ए पा व्यू'. इन्फिनितिफचा नकार असेल तर 'न पा' दोन्ही पुढे एकत्र येतात: 'न पा ल फेर' (ते न करणे). बोलताना 'न' बहुतेक वेळा गाळतात, लिहिताना गाळू नका.

लिंगवचनाचा मेळ मराठी माणसाला परका नाही. आपण 'मी पत्र लिहिलं' आणि 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणतोच. फ्रेंचमध्ये हा मेळ कर्म आधी आलं तरच होतो. 'जे उव्हेर ला फनेत्र', खिडकी नंतर आली, बदल नाही. 'ज ल'ए उव्हेर्त', खिडकी सर्वनाम बनून आधी आली, म्हणून शेवटी 'त' ऐकू येतो. बऱ्याच क्रियापदांत हा फरक फक्त लिखाणात दिसतो, पण उव्हेर्त, एक्रीत, प्रीझ, मीझ यांत तो कानाला कळतो, म्हणून सराव यांच्यावरच करा. ल्वी आणि लर यांच्याशी मेळ कधीच करायचा नाही. अनेकवचनी आहे म्हणून लरला 'एस' जोडणं ही तर वह्यांमधली जुनीच चूक: तो 'एस' फक्त 'त्यांचे' या अर्थाच्या, नामाआधीच्या शब्दाला लागतो.

आज्ञा करताना

होकारार्थी आज्ञेत सर्वनाम क्रियापदामागे जातं, छोट्या आडव्या रेघेने जोडलं जातं, आणि 'म'चा 'म्वा', 'त'चा 'त्वा' होतो: 'रगार्द-म्वा' (माझ्याकडे बघ). नकार आला की सगळं पूर्ववत: 'न म रगार्द पा'. 'जा, त्याला घेऊन ये' हे मात्र 'वा ल शेर्शे'. आज्ञा 'वा'ची असली तरी 'ल' शेर्शेचं कर्म आहे, म्हणून रेघ नाही आणि जागा मधली. 'वा'ला शेवटी 'एस' नसतो, पण 'वा-झी' म्हणताना तो परत येतो.

दोन सर्वनामं एकत्र

साध्या वाक्यात क्रम असा: आधी म, त, स, नू, वू, मग ल, ला, ले, मग ल्वी, लर, मग ई, शेवटी आँ. रांग पाठ होत नसेल तर दोन वाक्यं पाठ करा: 'इल म ल दॉन' (तो मला ते देतो) आणि 'ज ल ल्वी दॉन' (मी त्याला ते देतो). शेवटच्या दोघांसाठी रोजचं 'इल्याँना' ('त्यातले आहेत') पुरेसं आहे, त्यात ई आधी आणि आँ नंतर. होकारार्थी आज्ञेत मात्र ल, ला, ले नेहमी पहिले: 'दॉन-ल-म्वा'. 'म' आणि 'ल्वी' एकत्र येऊच शकत नाहीत. तो माझी तिच्याशी ओळख करून देतो, याला 'इल म प्रेझाँत आ एल' म्हणावं लागतं.

एकच वाक्य सगळ्या रूपांत फिरवणं हा यावरचा सर्वांत कामाचा सराव. 'मी मारीला किल्ली देते', म्हणजे 'ज दॉन ला क्ले आ मारी', हे घ्या आणि न थांबता म्हणा:

ज ला ल्वी दॉन.
ज न ला ल्वी दॉन पा.
ज ला ल्वी ए दॉने.
ज न ला ल्वी ए पा दॉने.
ज वे ला ल्वी दॉने.
दॉन-ला-ल्वी.
न ला ल्वी दॉन पा.

मग किल्लीच्या जागी पुस्तक, मारीच्या जागी शेजारी. शेवटी मारीच्या जागी 'तू' घाला: लगेच 'ज त ला दॉन' होतं, आणि क्रम नेमका इथे उलटतो.