‘तातडीची प्रार्थना’ आली की आधी काय करायचं

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, अफवा बहुधा बातमी म्हणून शिरत नाही, प्रार्थना-विनंती म्हणून शिरते. बातमी आली तर कुणीतरी विचारतं, ‘खरं आहे का हो?’ पण ‘आज रात्री अमुक गावातलं चर्च जाळणार आहेत, गुडघे टेका’ असा मेसेज आला की शंका घेणाराच अल्पविश्वासी ठरतो. म्हणून जुन्या वळणाच्या, वचनाला घट्ट धरून असलेल्या मंडळीत अफवा रोखण्याचं काम प्रार्थना-साखळीपासून (एकानं दुसऱ्याला विनंती कळवत जाण्याच्या पद्धतीपासून) सुरू करावं.

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत हे मेसेज तीन वाटांनी येतात. नगर-नाशिकच्या नातेवाइकांकडून मराठीत, शहरातल्या इतर मंडळ्यांकडून हिंदीत आणि परदेशी गेलेल्या मुलांकडून इंग्रजीत. तिसऱ्या वाटेवर जास्त नजर ठेवा. अमेरिकेतलं भांडण इथे येताना त्याचा संदर्भ तिथेच राहतो, भीती तेवढी पोचते.

२०१० च्या सुमारास जगभर फिरलेला एक मेसेज पाहा: भारतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री २० चर्च जाळली, आज रात्री ‘ओलिसाबांग’ प्रांतातली २०० जाळणार. असा प्रांत भारतात नाही. नकाशा उघडायला अर्धा मिनिट लागतो, पण तेवढंही न करता लोक तो वर्षानुवर्षं पाठवत राहिले. त्यातली युक्ती ‘काल रात्री’ या दोन शब्दांत आहे. तारीखच नसल्यामुळे तो कधी शिळा होत नाही.

आता कामाला लागू. तीन माणसं निवडा: एक वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ), महिला मंडळातली एक बाई आणि मोबाइलमध्ये हात बसलेला एक तरुण. तिन्ही तरुण घेऊ नका. साठीच्या माणसाला नातवाच्या वयाच्या पोरानं ‘हे खोटं आहे’ म्हटलेलं पचत नाही, मग ते कितीही खरं असो. पाळकांनाही (पास्टरांनाही) यात घेऊ नका. त्यांचा निकाल एकदा चुकला तर सोमवारपासून त्यांच्या उपदेशावरही शंका सुरू होते. त्यांनी फक्त व्यासपीठावरून या तिघांची नावं सांगावीत.

मंडळीचे ग्रुप दोन करा. सूचना आणि प्रार्थनेच्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितील अशी सेटिंग ठेवा. वाढदिवस, गाणी, गुड मॉर्निंगसाठी दुसरा ग्रुप मोकळा सोडा. एकच ग्रुप ठेवून तोंड बंद केलंत, तर आठवड्याभरात कुणीतरी वेगळा ग्रुप काढेल आणि त्यात तुम्ही नसाल.

प्रार्थना-विनंती पुढे जाण्यासाठी चार गोष्टी हव्यात: कोण, कुठे, कोणत्या तारखेला, आणि त्या माणसाशी प्रत्यक्ष बोललेला कोण. एक जरी नसेल तर विनंती चोवीस तास थांबते. थांबते म्हणजे नाकारली जात नाही, हे मंडळीला पहिल्याच दिवशी समजावून सांगा. तोवर ‘छळ सोसणाऱ्या आपल्या भावाबहिणींसाठी’ अशी नावाशिवाय प्रार्थना करता येते. देवाला पत्ता लागत नाही, ग्रुपला लागतो.

तपासणी वीस मिनिटांची आहे. आधी गाव नकाशावर शोधा. मग फोटो गूगल लेन्समध्ये टाका, म्हणजे तो आधी कुठे आला होता ते कळतं. व्हिडिओ असेल तर वेगवेगळ्या ठिकाणी थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या आणि ते टाका, एकाच फ्रेमवर निकाल लावू नका. त्यानंतर त्या भागातल्या मंडळीला फोन. आपल्या संप्रदायाच्या यादीतून नंबर मिळतोच, आणि पुष्कळदा सारं प्रकरण त्या एका फोनवर मिटतं. व्हॉट्सॲपवर मेसेज पाच किंवा अधिक हातांतून आला असेल तर दुहेरी बाण दिसतो. पण बाण नाही म्हणून खरं मानू नका. मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला की बाण गळून पडतो.

छळाच्या बातम्या सरसकट खोट्या असतात असा सूर मात्र चुकूनही लागू देऊ नका. २००८ ची ओडिशातल्या कंधमाळची ख्रिस्तीविरोधी हिंसा घडली, मे २०२३ पासूनचं मणिपूर घडलं. जुना किंवा परदेशातला फोटो अशा घटनेच्या नावावर खपवला, की तो पकडला गेल्यावर खऱ्या पीडितांचंही कुणी ऐकत नाही. मंडळीला पटतं ते हेच कारण.

खोटं निघाल्यावर काय बोलायचं, इथे बहुतेक जण घसरतात. फॅक्ट-चेकची लिंक डकवून मोकळे होतात. ज्याचा वर्तमानपत्रांवरच भरवसा नाही त्याला ती लिंक चिथावणीसारखी वाटते. त्याला मान्य असलेल्या पुस्तकातून सुरुवात करा. अनुवाद १९:१५ मध्ये दोघा-तिघा साक्षीदारांची अट आहे, नीतिसूत्रे १८:१७ मध्ये दुसरी बाजू ऐकण्याची, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मधले बिरुयाचे लोक तर खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहत होते. पौलाला जी तपासणी चालली ती आपल्या मावसभावाच्या फॉरवर्डला चालायला हरकत नसावी.

आधी पाठवणाऱ्याला एकट्याला फोन करा. त्यानं स्वतः मेसेज काढला तर उत्तम. व्हॉट्सॲपवर आपला मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला साधारण अडीच दिवस मिळतात. मग त्याच ग्रुपवर, त्याच भाषेत, चार ओळी. खरं आधी लिहा. खोटा मजकूर पुन्हा छापू नका, कारण लोकांच्या डोक्यात तोच राहतो. नमुना असा:

‘जय ख्रिस्त. त्या गावच्या पाळकांशी आज सकाळी बोलणं झालं. चर्च सुरक्षित आहे, रविवारची उपासना झाली. काल फिरलेला फोटो दुसऱ्या देशातला, जुना आहे. पुढे पाठवला असेल तर कृपया ही दुरुस्तीही तिथेच पाठवा.’

ज्या आजी वाचत नाहीत त्यांच्यासाठी हेच वडिलांच्या आवाजात व्हॉइस मेसेज करून टाका. हे टाळू नका. आजीचा फोन सगळ्यात जास्त घरांत जातो.

शेवटच्या काळाविषयीचे मेसेज वेगळे हाताळावे लागतात. आधार कार्ड, करोनाची लस, बारकोड या सगळ्यांना आळीपाळीनं ‘श्वापदाची खूण’ (बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकातलं, शेवटच्या काळातल्या दुष्ट सत्तेचं चिन्ह) ठरवून झालं. इथे तंत्रज्ञान समजावत बसू नका. प्रकटीकरण १३ आणि १४ अख्खे वाचायला लावा. तिथे खूण आणि श्वापदाची उपासना एकत्र येतात, नकळत टोचलेल्या सुईचा विषय तिथे नाही. तारखा देणाऱ्यांसाठी मत्तय २४:३६ पुरे आहे: तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही. सोबत दोन तारखा सांगा: २२ ऑक्टोबर १८४४ आणि २१ मे २०११. दोन्ही दिवशी अमेरिकेत लोक सगळं सोडून ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहत बसले होते.

राजकारणाची रेघ कायद्यानंच आखलेली आहे, तिचा आडोसा घ्या. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार उपासनेची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. धर्माच्या नावानं मतं मागणं हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) खाली निवडणुकीतलं ‘भ्रष्ट आचरण’ ठरतं, आणि २ जानेवारी २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यात मतदाराचा धर्मही धरला. उमेदवार आला तर चहा द्या, माइक देऊ नका. ‘दोनच शब्द’ म्हणून घेतलेल्या माइकचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत शहरभर फिरतो. हे आपल्या बाजूच्या उमेदवारालाही लागू. खरी अडचण तिथेच येते. दुसऱ्या धर्माविरुद्ध वैर पेटवणारं भाषण उपासनास्थळात झालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली शिक्षा तीनऐवजी पाच वर्षांपर्यंत जाते, हे पाहुण्या वक्त्याला आमंत्रण देतानाच लेखी कळवा.

एखादा माणूस भीती आणि द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओंत पार बुडालेला असेल तर बायबल-अभ्यासात चारचौघांत त्याच्याशी वाद घालू नका. तिथे त्याला हरायला जागाच नसते. त्याच्या वयाच्या दोघांनी रविवारी पोह्यांच्या गाडीवर त्याला घेऊन बसावं. ‘हे तुला कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी?’ एवढंच विचारावं आणि ऐकावं. त्याचं मंडळीतलं काम, मग ते खुर्च्या मांडण्याचं असो की तबल्याचं, काढून घेऊ नका. ते गेलं की त्याला आपलं म्हणणारे फक्त व्हिडिओवाले उरतात. मात्र तो हत्याराची किंवा कुणाला धडा शिकवण्याची भाषा बोलू लागला, तर ते समजुतीनं मिटवायचं काम राहत नाही. त्याच दिवशी वडिलांनी पोलीस ठाण्यात जावं.

कायद्याविषयीचा मेसेज (‘आता घरात प्रार्थनेलाही बंदी’ या थाटाचा) आला तर मूळ अधिनियमच उघडा. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीच्या १९६८ च्या कायद्याची जागा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ नं घेतली आहे. त्याची छापील प्रत कार्यालयात ठेवा आणि वकिलाकडून एकदा समजून घ्या.

एक वही घाला: तारीख, मेसेजची पहिली ओळ, कुणाला फोन केला, काय निघालं. पाठवणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं नाही. सहा महिन्यांनी तोच मेसेज नव्या गावाच्या नावानं परत येतो, तेव्हा ते पान उघडायचं.